सुई घेण्याआधी माझ्याजवळ बस

गेल्या पावसाळ्यात एक आई व्यायामशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आत लोखंडाचा आवाज चालला होता, त्यामुळे तिला आत यायचा धीर होईना. मीच बाहेर गेलो. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून झाकण उघडलं. आत काचेच्या चार छोट्या बाटल्या, सात-आठ सिरिंज आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटं होती. मुलाच्या कपाटात शर्टांच्या घडीखाली सापडलेली. "मास्तर, हे गर्द आहे का हो?" तिनं विचारलं. गर्द नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही.

मुलगा २१ वर्षांचा. संध्याकाळी त्याला बोलावलं, शटर अर्धं ओढून घेतलं आणि दोन तास बोललो. आवाज चढवला नाही. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे. असे डबे आता बऱ्याच घरांत आहेत आणि प्रत्येक आई कुणाच्या तरी दारापर्यंत पोचतेच असं नाही. यातलं निम्मं माझ्या वस्तादांचं आहे. उरलेलं मी ठेचा खाऊन आणि डॉक्टरांचे जिने चढून-उतरून शिकलो.

आमचे वस्ताद कोल्हापूरकडचे. तिथल्या तालमीची माती अंगाला लागलेला हा माणूस मुंबईत येऊन गिरणीच्या साचेखात्यात लागला. रात्रपाळी करायचे, पहाटे खोलीवर न जाता थेट लालबागच्या आमच्या व्यायामशाळेत यायचे आणि आम्हा चाळीतल्या पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायचे. लंगोट बांधायला शिकवण्याआधी त्यांनी लोटा धरायला शिकवला. मैदानात कुस्तीच्या दिवशी पैलवान दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. थंडाई स्वतः घोटायची किंवा आपल्या माणसानं समोर बसून घोटायची. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, काय किती पडलं ते डोळ्यांनी बघायचं. "लोटा कुनाच्या हातचा हाय, त्ये आदी इचार," असं ते म्हणायचे. आम्हाला वाटायचं, जुन्या माणसाचा संशयी स्वभाव.

आज सांगतो, या सगळ्या विषयातला पहिला कानमंत्र तोच आहे. अंगात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव विचार, गाव विचार, आणि त्याच्या जोडीला एक प्रश्न माझा: हे मुळात कुणाच्या आजारावरचं औषध आहे?

त्या मुलाला मी एकेक बाटली हातात देऊन हेच विचारलं. एक टेस्टोस्टेरॉनची होती. ते पुरुषाच्या अंगात आपोआप तयार होणारं द्रव्य, १९३५ साली प्रयोगशाळेत बनवायला जमलं. ज्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही अशा रुग्णांना डॉक्टर मोजून-मापून देतात. दुसरी नॅन्ड्रोलोनची, पोरं जिला 'डेका' म्हणतात. ते झिजलेल्या, खंगलेल्या रुग्णांचं औषध. तिसरीवर ट्रेनबोलोन लिहिलं होतं. ते परदेशात कत्तलीसाठी पोसलेल्या गुरांचं मांस वाढवायला वापरतात, माणसासाठी आज त्याला मंजुरी नाही. चौथी मेफेंटरमाइनची. हे स्टेरॉइड नाहीच. ऑपरेशनच्या टेबलावर, कमरेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ ते देतो. तेच औषध आपली पोरं 'पंप' यावा, वजन हलकं वाटावं, म्हणून बेंच मारायच्या आधी टोचून घेतात. धडधाकट पोराचा रक्तदाब वर चढवायचा आणि वर त्याच्या छातीवर १०० किलो ठेवायचे, याचा नीट विचार कर. सवय लागते ती वेगळीच. इंजेक्शन नसेल त्या दिवशी हात उचलत नाही, झोप उडते, डोकं भणाणतं, कुणीतरी आपल्या मागावर आहे असे भास होतात. पश्चिम महाराष्ट्रात, पुण्यात याच बाटल्यांचे साठे पकडल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांपर्यंतसुद्धा त्या पोचल्या आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

चारही बाटल्यांचं उत्तर एकच आलं: दुसऱ्या कुणाच्या तरी आजाराचं औषध, आणि ट्रेनबोलोन तर गुरांचं. त्याला स्वतःला कुठलाही आजार नव्हता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या वयाचे अनेक जण पोरांना सांगतात की सुईनं काही होत नाही, नुसतं पाणी भरतं, फुगा आहे. हे खरं नाही आणि पोरांना ते कळतं, म्हणून ती आपलं पुढचंही ऐकत नाहीत. सुईनं मांस वाढतं. १९९६ साली अमेरिकेत रीतसर प्रयोग झाला. पुरुषांना १० आठवडे टेस्टोस्टेरॉनचा मोठा डोस दिला. ज्यांनी औषधाबरोबर व्यायाम केला त्यांचं चरबी सोडून वजन सरासरी ६ किलोंनी वाढलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं २ किलोंच्या आसपास. आणि ज्यांनी नुसतं औषध घेतलं, वजनाला हातही लावला नाही, त्यांचं ३ किलो. तेव्हा शेजारचा पोरगा तुझ्यापेक्षा कमी घाम गाळून पुढे जातो तेव्हा तुझ्या मेहनतीत काही खोट नाही. त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नकोस, एवढंच. नव्या पोराला पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा ते एक किलो मांस चढलं तर ते उत्तम चाललं असं समज. पुढे तेही कमी होतं. '३ महिन्यांत १० किलो' असा फोटो दाखवून पैसे मागणाऱ्या ट्रेनरकडे दुसऱ्या कप्प्यात काय आहे, हे तू ओळखायला हवंस.

एक जुनी गोष्ट. अमेरिकेत झीगलर नावाचे एक डॉक्टर होते. १९५८ च्या सुमारास मेथॅन्डिएनोनच्या गोळ्या, म्हणजे डायनाबोल, तिथं बाजारात आल्या आणि त्यांनी त्या वजन उचलणाऱ्या खेळाडूंना थोड्या-थोड्या देऊन बघितल्या. खेळाडूंची ताकद वाढली. मग ते सांगितल्याच्या कितीतरी पट गोळ्या आपल्या मनानं खायला लागले. डॉक्टरांना पुढे या सगळ्याचा पश्चात्ताप झाला, त्यांनी तो बोलूनही दाखवला, पण गोळी हातातून सुटली होती. आज तुला 'फक्त एकच सायकल कर' म्हणणारा जे सांगतो तेच तेव्हाही झालं होतं. सायकल म्हणजे सुया-गोळ्यांचा काही आठवड्यांचा एक कोर्स. पहिली सायकल उतरली की आरशातला माणूस लहान वाटायला लागतो, आणि दुसरीचा डोस पहिलीपेक्षा मोठा असतो.

आता काळजाचं सांगतो. इथं जरा जास्त वेळ थांबणार आहे.

हृदय हाही स्नायूच. दंड जाड झाला की आरशात दिसतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची, जवनिकेची, भिंत जाड झाली की दिसत नाही, दुखत नाही, दम लागत नाही. उलट त्याच वर्षी तुझं डेडलिफ्ट वाढलेलं असतं. आत मात्र भिंत जाड आणि ताठ होते, तिला नीट सैल होता येत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, काही आठवड्यांतच तळाला जातं, वाईट वाढतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर धरू लागतो. लाल पेशी वाढून रक्त घट्ट होतं, त्याच्या गुठळ्या व्हायचा धोका. रक्तदाब वर. हे सगळं एकाच वेळी, एकाच छातीत चाललेलं असतं. २०१७ साली अमेरिकी डॉक्टरांनी वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांची हृदयं तपासली. ८६ जण स्टेरॉइड घेतलेले, ५४ कधीच न घेतलेले. न घेतलेल्यांचं हृदय एका ठोक्याला आतलं सरासरी ६३ टक्के रक्त बाहेर फेकत होतं, घेणाऱ्यांचं ५२ टक्के. डेन्मार्कमध्ये जिममध्येही चाचण्या घेतात. तिथं स्टेरॉइडसाठी कारवाई झालेल्या ५४५ पुरुषांची पुढची वर्षं तपासली, तर त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या ३ पट निघालं. ही जख्ख म्हातारी माणसं नव्हती, तुझ्या थोरल्या भावाच्या वयाची होती.

माझ्याबरोबर स्टेजवर उभा राहणारा एक मित्र होता. मिल कामगाराचाच मुलगा. पाठ अशी की पोझ दिली की मंडपात शिट्ट्या वाजायच्या. तो काय घेतो ते मला ठाऊक होतं. बाटल्या कुठून येतात तेही ठाऊक होतं. मैत्रीत वाईटपणा नको म्हणून मी १२ वर्षं त्याला एक शब्द बोललो नाही. वयाच्या ४१ व्या वर्षी तो चाळीचे तीन जिने चढून वर आला, गॅलरीत टेकला, बायकोकडे पाणी मागितलं. ती तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. त्याची धाकटी तेव्हा तिसरीत होती. मी आज एवढं बोलतो आहे त्याचं कारण हे आहे. त्या १२ वर्षांतला एखादा दिवस मला परत मिळाला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

म्हणून तपासणीचे दोन-चार बारकावे कानात ठेव. रक्तदाब मोजताना जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आवळला तर आकडा खोटाच वर जातो, आणि मग 'मशीनच चुकीचं आहे' म्हणून पोरं खरा वाढलेला दाबही झटकून टाकतात. तेव्हा मोठा पट्टा मागून घे. रक्त तपासायच्या आधी आठवडाभर जड व्यायाम बंद ठेव. पायांच्या जबर व्यायामानंतर एसजीओटी, एसजीपीटी हे आकडे नुसत्या स्नायूंच्या झिजेनंही वाढतात. त्यावरून यकृत बिघडलं असं ठरत नाही, आणि ठीक आहे असंही ठरत नाही. डॉक्टरांना सांग की मी वजन उचलतो, म्हणजे ते जीजीटीसारखी दुसरी तपासणी जोडून बघतील. क्रिएटिनिनचंही तसंच. मांसल माणसात ते थोडं जास्त असू शकतं. पण 'बॉडीबिल्डरचं असंच असतं' हे वाक्य मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐक, जिमच्या काउंटरवर नको. सुई घेणाऱ्यांची मूत्रपिंडं खरोखर खराब झालेली आहेत. घरात वडील, काका, मामा कुणी लवकर हार्टअटॅकनं गेलेलं असेल तर एकदा टू-डी एको करून घे, मग तू काहीही घेत नसलास तरी.

यकृताचं थोडक्यात. तोंडानं घ्यायच्या स्टेरॉइडच्या बहुतेक गोळ्या यकृतात लगेच मोडू नयेत म्हणून मुद्दाम बदललेल्या असतात, आणि त्याची किंमत यकृतच मोजतं. कावीळ होते, गाठी होतात, रक्तानं भरलेल्या पोकळ्या तयार होऊन त्या फुटतात. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आता ज्या गोष्टीवर पोरं खाली मान घालतात ती. गावाला दुष्काळात टँकर यायला लागला की विहिरीकडे कुणी बघत नाही. गाळ साचतो, झरे बुजतात. अंगातही तेच होतं. मेंदूतून अंडकोषांना रोज निरोप जातो की एवढं टेस्टोस्टेरॉन बनवा, एवढं बीज बनवा. बाहेरून सुईनं माल यायला लागला की मेंदू निरोप पाठवणं थांबवतो. अंडकोष लहान होतात, शुक्राणू कमी होत होत शून्यावर येऊ शकतात. छातीवर बाईसारखी गाठ धरते, जिला पोरं 'गायनो' म्हणतात. ती पूर्ण धरली की गोळीनं जात नाही, कापावी लागते. सुई बंद केल्यावर विहीर पुन्हा चालू व्हायला महिने लागतात. कुणाला वर्ष, कुणाला त्याहून जास्त, आणि काहींची पूर्ववत होतच नाही. 'शेवटी पीसीटी केली, म्हणजे सायकलनंतरच्या गोळ्या घेतल्या, की सगळं जागेवर येतं' हे जिममध्ये बोलतात. त्याची हमी कुणीही देऊ शकत नाही. त्या गोळ्याही वंध्यत्वाच्या उपचारातल्या औषधांच्याच आहेत आणि त्या डॉक्टरांनी द्यायच्या असतात.

यात मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येत असेल, तर पुढे जे घडतं त्याचा. लग्न होतं. दोन वर्षं मूल होत नाही. घरातले सगळे सुनेकडे बघतात. तिची सोनोग्राफी, तिच्या नळ्यांची तपासणी, तिचे उपास, तिला नवस. आणि आपला हा धिप्पाड गडी, ज्याच्याकडे बघून कुणाच्या मनात शंकाही येणार नाही, तो गप्प बसलेला असतो. ५ वर्षं त्यानं घेतलेल्या सायकली फक्त त्यालाच ठाऊक असतात. असं एक जोडपं माझ्या माहितीत आहे. त्या मुलीनं दोन वर्षं टोमणे खाल्ले आणि शेवटी एका डॉक्टरांनी नवऱ्याची साधी वीर्यतपासणी करायला लावली. शुक्राणू शून्य. पोरा, तू कधी काही घेतलं असशील तर लग्नाआधी नाही तर निदान लग्नानंतर तरी बायकोला खरं सांग. पहिली तपासणी तुझी कर. पुरुषाची तपासणी सोपी असते, स्वस्त असते, आणि उपचारही बऱ्याचदा असतो.

१८-१९ च्या आतल्या पोरांना माझा वेगळा सांगावा आहे. हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. स्टेरॉइडनं त्या वेळेआधी मिटतात आणि उंची तिथंच थांबते, ती नंतर कशानंही वाढत नाही. आणखी एक. स्नायू फुगतो त्या वेगानं कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, घट्ट होत नाहीत. मांस तयार आणि दोर कच्चा, अशा अवस्थेत जड वजन मारलं की छातीचा नाही तर दंडाचा स्नायू हाडापासून तुटतो. वस्ताद पहिलं वर्षभर आम्हाला जोर, बैठका आणि मुद्गलाच्या पलीकडे जाऊ देत नसत. का, ते आता कळतं.

पोरींनो, तुम्हीही आता वजनं उचलता, स्टेजवर जाता, पॉवरलिफ्टिंगची पदकं आणता, बघून ऊर भरून येतो. तुम्हाला एवढंच सांगतो की तुमच्या अंगात टेस्टोस्टेरॉनसारख्या द्रव्याचा थेंबही जास्त होतो. पाळी जाते, चेहऱ्यावर केस येतात, आणि आवाज एकदा घोगरा झाला की औषध बंद केल्यावरही तो परत येत नाही. पूर्व जर्मनीत सरकारनंच खेळाडू मुलींना अशा निळ्या गोळ्या खायला घातल्या, जीवनसत्त्वं म्हणून. ओरल-ट्युरिनाबोल तिचं नाव. गोळाफेकीत १९८६ ची युरोपीय विजेती हायडी क्रीगर त्यांतली एक, १६ व्या वर्षापासून गोळ्या सुरू. पुढे तिनं शस्त्रक्रिया करून घेतली, आज ते आंद्रेआस क्रीगर या नावानं पुरुष म्हणून जगतात. आपण कोण आहोत हे ठरवायचा हक्क त्या गोळ्यांनी आपल्याकडून काढून घेतला, असं त्यांचं दुःख आहे. प्रशिक्षकानं हातावर ठेवलेली गोळी काय आहे हे विचारायचा हक्क प्रत्येक पोरीला आहे. उत्तर मिळालं नाही तर ती गोळी घशाखाली जाता कामा नये.

स्पर्धेचा दिवस. कातडी कागदासारखी दिसावी म्हणून दोन-दोन दिवस पाणी बंद करायचं आणि वर लघवी जास्त करणारी गोळी, लॅसिक्ससारखी, घ्यायची. मीही तरुणपणी पाणी तोडलं होतं, गोळी न घेता नुसतं पाणी. स्टेजच्या मागे दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की दोघांनी धरून उभं केलं. गोळीनं पोटॅशियम आणि मिठाचं गणित बिघडतं आणि हृदयाचा ठेका चुकतो. १९९२ साली हॉलंडमध्ये मोहम्मद बेनाझीझा हा नामांकित शरीरसौष्ठवपटू स्पर्धेच्या दिवशीच गेला. १९९६ साली ऑस्ट्रियाचा आंद्रेआस मुंझर ३१ व्या वर्षी गेला, त्याच्या अंगावर चरबीचा थर जवळजवळ नव्हता आणि त्याबद्दलच त्याची ख्याती होती. स्टेजवर क्रमांक दोन खाली आला तरी चालेल, पाणी पी. इन्सुलिनचं तर नावही काढू नकोस. तुला मधुमेह नसताना ते टोचलंस आणि साखर कोसळली, तर झोपेतच खेळ संपतो.

सुई घेणारी पोरं बहुधा एकाच बाटलीतून, कधी एकाच सुईनं घेतात. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांना त्याहून सोपा रस्ता नाही. बाटलीत लेबलावरचंच औषध असेल याचीही खात्री नसते. बनावट माल तेलात कालवून भरलेला असतो, ढुंगणावर गळू होऊन ते कापावं लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं जिमच्या लॉकरमधून विकणारा माणूस तुझा गुरू नाही. त्याला एक वाक्य म्हणायचं: "सर, तुमचा रक्ताचा रिपोर्ट आणि एको आधी दाखवा." हे वाक्य मी माझ्या सगळ्या पोरांना पाठ करायला लावतो. आजवर कुणी रिपोर्ट दाखवलेला नाही.

ज्याला राज्य पातळीवर, देश पातळीवर खेळायचं आहे त्यानं लोट्याची गोष्ट दुप्पट लक्षात ठेवावी. नरसिंग यादव सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन सापडलं, वर सांगितलेली तीच जुनी गोळी. आपल्या खाण्यात कुणीतरी मिसळलं असं त्यानं सांगितलं, इथं नाडानं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, त्याला मोकळंही केलं, पण क्रीडा लवादानं रिओत तो निर्णय फिरवला आणि ४ वर्षांची बंदी आली. निवाडा करणारा मी कोण? पण उत्तेजकांचा नियम असा आहे की अंगात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, ते कसं आलं हे सिद्ध करण्याचं ओझंही त्याचंच. बिनपावतीची पावडर, 'आयुर्वेदिक मसल पॉवर'च्या लेबल नसलेल्या पुड्या, मित्राच्या शेकरमधला घोट, हे सगळं त्यात आलं. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' या ॲपवर नाव टाकून बघ, मगच घे.

एक गैरसमज घराघरांत आहे, तो इथंच मिटवतो. दम्याच्या पंपात, सांध्याच्या आजारात, त्वचेच्या मलमात जे स्टेरॉइड असतं ते वेगळ्या जातीचं. त्यानं मांस वाढत नाही, त्याचं काम सूज उतरवण्याचं. माझा लेख वाचून कुणी आईचा दम्याचा पंप बंद केला असं व्हायला नको. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवायचं, आपल्या मनानं अचानक तोडायचं नाही.

आणि ज्यानं आधीच घेतलं आहे त्यानं हे नीट वाच. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू लबाड नाहीस, घाईत होतास. घेतलेली प्रत्येक बाटली, गोळी, किती आठवडे, हे सगळं एका कागदावर लिही. हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा, ते नसतील तर चांगल्या फिजिशियनकडे, आणि तो कागद त्यांच्या पुढ्यात ठेव. लपवलंस तर रिपोर्ट त्यांना चुकीच्या वाटेवर नेतील. एलएच आणि एफएसएच (मेंदूकडून अंडकोषांना जाणारे ते निरोप), टेस्टोस्टेरॉन, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट, कोलेस्टेरॉल, यकृत, मूत्रपिंड, रक्तदाब, एको: हे ते बघतील. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञालाही सांग, न चुकता. छातीत दुखलं, चक्कर आली, पायाची एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर व्यायामाची वेळ म्हणून थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

सुई सोडल्यावरचे पहिले काही महिने कठीण जातात, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावं. बाहेरचा माल थांबलेला, आतला अजून सुरू झालेला नाही. मुलगा अंथरुणातून उठत नाही, कशात मन लागत नाही, वजन उतरताना बघून त्याला आपण संपलो असं वाटतं. काही पोरांनी या दिवसांत जीव दिला आहे. "आळशी झालास," असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांना ही गोष्ट सांगा. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा फोन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

खुराकाचं बोलल्याशिवाय वस्ताद मला सोडणार नाहीत. मांस बनायला वजनाच्या दर किलोला दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे ७० किलोच्या पोराला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास. ६ अंड्यांतून ३६ येतात, अर्धा लिटर दुधातून १६, मूठ-दोन मूठ फुटाण्यांतून २०, पाव किलो चिकनमधून ५० च्या आसपास. झालं की! मांस न खाणाऱ्यानं मटकी, सोयाबीन, शेंगदाणे, पनीर, ताक यांवर ते भरून काढावं. थोडं जास्त खावं लागेल, एवढंच. सुकट-जवळा स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेला, कोकणातल्या पोरांना तो सांगायची गरज नाही. आणि झोप. वस्ताद स्वतः रात्रपाळी करायचे, म्हणून त्यांना झोपेची किंमत ठाऊक होती. ८ तास न झोपणाऱ्या पोराला ते आखाड्यात उतरू देत नसत, परत पाठवायचे.

त्या आईचा मुलगा आता बरा आहे. डॉक्टरांकडे आम्ही तिघं मिळून गेलो होतो. ७ महिने झाले, अंगावरचं ९ किलो वजन उतरलं, त्याचं त्याला फार वाईट वाटलं, एक-दोनदा रडला माझ्यासमोर. गेल्या महिन्यातल्या रिपोर्टात एलएच पुन्हा दिसायला लागलं आहे. रक्तदाब १२४ वर ८०. सध्या रिकाम्या दांड्यावर बैठका मारतो आहे.

आमची व्यायामशाळा पहाटे ५ ला उघडते. कुणी बाटली आणून दिली आणि ती अजून टोचली नसशील, तर ती घेऊन ये. टोचली असशील तरी ये. तुझ्या गावात मी नाही, पण एखादा जुना वस्ताद, एखादा डॉक्टर, थोरला भाऊ कुणीतरी असेल. आज संध्याकाळीच त्याच्याजवळ जाऊन बस आणि सगळं सांग.